चौकीवरची कोथिंबीर

लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारतंच, "तुम्ही मिलिटरीला माल देता ना? काय देता?" मी सांगते, "पाण्याच्या टाक्या." समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला निदान तोफेचं एखादं चाक तरी अपेक्षित असतं. माझ्या एका मामेसासऱ्यांनी तर सरळ विचारलं, "म्हणजे आपल्या गच्चीवर असते तशी काळी?"

तशी नाही. कापडाची. रिकामी असली की चटईसारखी घडी घालून गाडीत टाकायची, भरली की जमिनीवर म्हैस बसल्यासारखी दिसते. जिथे नळ नाही, विहीर नाही, पाण्याचा टँकर कधीमधी येतो, अशा चौक्यांवर ती लागते. चौकी हलली की तीही हलते.

भिवंडीजवळ शेलारला आमचा कारखाना आहे. कापड भिवंडीतच विणलं जातं, त्यावर प्लॅस्टिकचा लेप चढतो, आणि आमच्याकडे त्याच्या टाक्या होतात. मालक दिनकरशेठ इथलेच. घरच्या भातशेतीच्या जागेवर त्यांनी शेड उभी केली. माझ्या टेबलावर तीन कामं आहेत: निविदेचे कागद, चाचणीची तयारी, आणि माल गेल्यावर येणाऱ्या तक्रारी. तिन्ही एकाच बाईकडे असल्यामुळे सोय होते, असं शेठ म्हणतात. तिन्ही एकाच बाईकडे असूनही जे झालं ते झालं, म्हणून हे लिहिते आहे.

लष्कराची खरेदी म्हणजे नमुना दाखवला, भाव सांगितला, सही झाली, असं नसतं. तिथे तीन प्रश्न असतात. वस्तू आपलं काम किती चांगलं करते? ती पुढची कैक वर्षं चालती ठेवायला काय काय लागेल? आणि या दोन्ही गोष्टींची खात्री माल विकत घेण्याआधी कशी करून घ्यायची? हे तीन प्रश्न एकमेकांच्या पायात पाय घालतात. टाकी हलकी करा, ती नाजूक होते. दणकट करा, उचलायला एक माणूस वाढतो. चाचणी नीट घ्यायची तर उन्हाळेच्या उन्हाळे जातात, आणि तोवर तिकडे जवान डबे भरून पाणी वाहत असतात. भिवंडीतला जुना माणूस लूम, म्हणजे यंत्रमाग, विकत घेताना वेगाची चौकशी शेवटी करतो. आधी विचारतो, बिघडला तर दुरुस्त करणारा जॉबर कोण, आणि पार्ट कुठे मिळतो? हे शहाणपण आम्हाला रस्त्यावरच मिळतं. ते आम्ही आमच्याच मालाला लावलं नाही.

चाचणी घेणारे अधिकारी नाना तऱ्हेचे भेटतात. एक होते, त्यांचा प्रयोगशाळेपेक्षा चहावर विश्वास. नवीन टाकीच्या पाण्याला प्लॅस्टिकचा वास येतो का हे पाहायला त्यांनी निरनिराळ्या टाक्यांच्या पाण्याचा चहा करवला आणि आख्ख्या मेसला पाजला. कुठला कप कोणाच्या टाकीचा, ते कोणालाच माहीत नाही. आमचा चहा पहिला आला. शेठनी त्या दिवसापासून कारखान्यातला चहाही आमच्याच टाकीच्या पाण्याचा सुरू केला. दुसरे एक साहेब भरलेल्या टाकीवर बूट घालून चढले आणि वर उभं राहून डुलत डुलत मला म्हणाले, "मॅडम, आप भी आइए." मी साडी सावरून नम्रपणे नकार दिला. अशा किश्शांवर आमची दिवाळी जायची.

आता मूळ गोष्ट.

पूर्वी आम्ही जाड कापडाची टाकी करायचो. जड होती. पण फाटली तर सायकलच्या पंक्चरला लावतात तसलं सोल्युशन आणि कापडाचा तुकडा घेऊन कोणीही ठिगळ लावावं. मग एका नव्या निविदेत वजनाची मर्यादा खाली आली: रिकामी टाकी दोन माणसांना उचलता आली पाहिजे. आम्ही पातळ कापडाकडे वळलो. दिसायला सुंदर, गुळगुळीत, हलकं. फक्त त्यावर सोल्युशन धरत नाही. ठिगळ लावायचं तर गरम दाबाचं मशीन पाहिजे, आणि ते मशीन शेलारला, आमच्या शेडमध्ये.

मी शेठना म्हटलं, "चौकीवर फाटली तर?"

"तं इकरं पाठवतील. आपून करून देव." शेठ घाईत असले की गावच्या बोलीत येतात. "बाई, वजनाला मार्क हायेत. ठिगलाला हायेत का?"

नव्हते. देखभालीबद्दल निविदेत एक लहानसा परिच्छेद होता. तो मी दुरुस्तीची हमी देऊन व्यवस्थित भरला. फाटलेली टाकी देशाच्या दुसऱ्या टोकाहून भिवंडीला येईपर्यंत आणि परत जाईपर्यंत ते लोक पाणी कशात ठेवतील, हे त्या परिच्छेदाने विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही. न विचारलेल्याचं उत्तर देऊ नये, हा निविदा भरणाऱ्यांचा पहिला धडा आहे.

चाचणी एका छावणीच्या मैदानावर होती. भरा, ठेवा, रिकामी करा, घडी घाला, गाडीत चढवा, उतरवा, उलगडा, पुन्हा भरा. आणि हे पुन्हा पुन्हा. सोबत मी नसीमआपांना आणि त्यांच्या दोघी जोडीदारणींना नेलं होतं. नसीमआपा भिवंडीतल्याच कामतघरच्या. आमच्याकडे येण्याआधी कापडाच्या गोदामात घडी घालायचं काम त्यांनी अनेक वर्षं केलेलं. भिवंडीबाहेरच्यांना सांगायला हवं, की कापडाची घडी हा आमच्याकडे स्वतंत्र धंदा आहे. घडीची धार कापडावर उमटली तर व्यापारी खोट काढतो. म्हणून ही माणसं धार पडूच देत नाहीत. दुमडताना आत हात फिरवून गोलाई ठेवायची, आणि त्याच कापडाची पुन्हा घडी घालायची वेळ आली तर चार बोटं सरकवून घालायची. कोणी सांगावं लागत नाही. श्वास घ्यावा तसं हात करतात.

पहिल्यांदा टाकी रिकामी झाली तेव्हा चाचणीचे प्रमुख, एक तरुण मेजर, म्हणाले, "अब मेरे लड़के तह करेंगे."

मी पुढे झाले. "सर, उन्हें धूप में क्यों तकलीफ? हमारे लोग आए हैं ना. फटाफट कर देंगे. आप चाय लीजिए."

मला वेळापत्रक सांभाळायचं होतं. त्या दिवशी ठरवलेलं सगळं त्या दिवशी उरकायचं, हा माझा बाणा. मेजरनी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. नसीमआपांनी पदर खोचला. तिघींनी ती एवढी मोठी टाकी अशी गुंडाळत आणली, की जवान बघायला गोळा झाले. एक जण म्हणाला, "ओ आपा, हमारा बिस्तर भी बाँध दो!" दुसरा म्हणाला, "इसकी शादी है क्या, दहेज की साड़ी जैसी तह कर रही हैं." नसीमआपा लाजल्या आणि जास्तच झोकात घडी घालू लागल्या. त्यानंतर प्रत्येक वेळी घडी त्यांनीच घातली. मेजरनी पुन्हा विचारलं नाही. टाकी एका थेंबानेही गळली नाही.

मला काही लपवायचं नव्हतं. स्वतःला सोडवून घ्यायला हे सांगत नाही. उलट लपवायचं असतं तर भोक कुठे पडणार हे निदान मला माहीत असतं. मला ते माहीतच नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचा जो एक रस्ता होता, तो मी "आप चाय लीजिए" म्हणून बंद केला.

ऑर्डर मिळाली. भिवंडीजवळच्या वडप्याच्या गोदामातून पहिला ट्रक निघाला तेव्हा शेठनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. नसीमआपांना मान म्हणून ट्रकला हार घालायला लावला.

तक्रारी यायला लागल्या त्या पहिल्या उन्हाळ्यातच. टाक्या गळतात. आम्ही म्हटलं, काटा लागला असेल, उंदराने कुरतडली असेल, हाताळणी चुकली असेल. तक्रारीच्या उत्तराला पहिलं वाक्य काय लिहायचं हे ठरलेलं असतं: "सदर माल चाचणीत उत्तीर्ण झालेला आहे." ते मी लिहिलं, एकदा नव्हे, बऱ्याचदा. शेवटी तिकडून निरोप आला, कोणी तरी येऊन बघा. मी गेले.

वाळूचा मुलुख. लांबवर एकही झाड नाही. चौकीवर एक सुभेदार होते; उंच, मिशा पिकलेल्या, बोलणं अतिशय गोड. माझ्यासाठी त्यांनी सावलीत खुर्ची मांडून ठेवली होती. आधी पाणी आलं, पेलाभर.

"पीजिए मॅडम, आप ही की टंकी का है."

मी प्यायले. मग त्यांनी टाकी दाखवली. एका बाजूखाली वाळूच्या गोण्या रचून ती तिरकी केलेली. गळणारी बाजू वर राहावी म्हणून. त्यामुळे ती निम्मीच भरायची. टँकर यायचे दिवस तेच, माणसं तेवढीच, पाणी निम्मं. आंघोळ ठरलेल्या वारावर गेली होती. कपडे धुणं जवळजवळ बंद. जवानांच्या गणवेशावर घामाचे पांढरे नकाशे उमटलेले. मला त्यातल्या कोणीही एका शब्दाने दोष दिला नाही. एकाने तर विचारलं, "मॅडम, मुंबई से कितना दूर है आपका भिवंडी?"

टाकीच्या खालच्या कोपऱ्यातही एक बारीक गळती होती. तिला काही केल्या थांबवता येत नव्हतं. तिथे दगडांचं लहानसं आळं केलेलं होतं, आणि त्यात कोथिंबीर. त्या पिवळ्या मुलुखात तेवढाच हिरवा ठिपका.

सुभेदार म्हणाले, "आपकी मेहरबानी है मॅडम. इस चौकी पर पहली बार धनिया लगा है."

जवान हसले. मीही हसायला गेले, पण तोंड वाकडंच झालं असावं, कारण सुभेदारांनी लगेच विषय बदलला. "आइए, तह करके दिखाते हैं." बाजूला एक पार निकामी झालेली टाकी पडली होती. चार जवानांनी ती पसरली, कडा जुळवल्या, चौकोनी दुमडली. प्रत्येक दुमडीवर गुडघे रोवून हवा काढली, वरून बूट फिरवले, दोरीने आवळली. बिस्तरा बांधावा तशी. घडी इतकी नेटकी, की पट्टी लावून बघावी. वर मधोमध टाकीचा नंबर.

"हमेशा ऐसे ही?" मी विचारलं.

"हमेशा. नंबर ऊपर दिखना चाहिए. वरना स्टोर में डाँट पड़ती है."

तो नंबर आम्हीच छापला होता, कापडाच्या एकाच जागी. तो वर यायचा तर घडी दर वेळी त्याच रेषेवर पडणार. मी टाकी पुन्हा उलगडायला लावली आणि वाकून बघितलं. लेप त्याच रेषांवर तडकला होता, कागद उलटसुलट दुमडून फाडावा तसा. दुसरीकडे कुठे ओरखडाही नव्हता.

सुभेदार माझ्या शेजारी उकिडवे बसले. "मॅडम, ट्रायल में तो ये निकलना चाहिए था. वहाँ किसने तह किया था?"

खोटं सुचलं नाही असं नाही. पण तोंडात त्यांच्याच पाण्याची चव होती. मी म्हटलं, "हमारे यहाँ की औरतों ने."

त्यांनी त्या रेषेवरून बोट फिरवलं. मग अगदी आदराने म्हणाले, "तो फिर उनकी भी पोस्टिंग यहीं करा देते."

निघताना एका जवानाने वर्तमानपत्रात गुंडाळून कोथिंबिरीची जुडी दिली.

परत आल्यावर नसीमआपांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. त्यांना आधी कळेचना. "मेरे हाथ ने क्या बिगाड़ा, मॅडम? मैंने तो अच्छी ही तह की थी."

"अच्छी की, वही तो," मी म्हटलं. "उतनी अच्छी वहाँ कोई नहीं करता."

त्या पुटपुटल्या, "तो मुझे ले क्यों गईं?" ज्या हुन्नरावर त्यांनी पोरं वाढवली, तोच मी त्यांच्या नकळत फसवणुकीच्या कामी लावला होता.

पुढचा माल घेण्याआधी लष्कराने पुन्हा चाचणी लावली. शेठचा बेत तयार होता. कापड तेच. नंबर दोन ठिकाणी छापायचा, घडी कशी घालावी याचं चित्रांचं कार्ड द्यायचं. "आनि नसीमला घेवून जा. ती पोरांना शिकवंल."

"एका चौकीला शिकवेल," मी म्हटलं. "बाकीच्यांना? आणि बदली होऊन नवीन माणसं आली की?"

"बाई, आपल्याला टाकी पास कराची हाय, का शाला काराची हाय?"

कार्ड मी केलं, छान केलं, पायरीपायरीने, चित्रांसकट. ते करताना मनाला जरा बरंही वाटलं, जणू चित्रं काढून गळती थांबणार होती. पण मैदानावर पोचल्यावर, टाकी पहिल्यांदा रिकामी झाली तेव्हा, मी त्याच मेजरना म्हटलं, "सर, इस बार आपके लड़के तह करेंगे. हमारा कोई हाथ नहीं लगाएगा."

शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या शेताच्या हद्दीची मेर सरकवली होती. नसीमआपा सोबत होत्या. त्यांना मी खुर्चीवर बसवलं. जवानांनी कार्ड वाचलं, पहिल्या घडीला पाळलं, दुसऱ्या घडीला अर्धं पाळलं, आणि मग उन्हात तो कागद कुठे गेला कोणास ठाऊक. गुडघे, बूट, दोरी. नसीमआपा खुर्चीत चुळबुळत होत्या. शेवटी हात मांडीखाली दाबून बसल्या आणि तोंडाने "या अल्लाह, आहिस्ता... अरे आहिस्ता, बेटा" चालूच. चाचणी संपायच्या आतच टाकीच्या कडेने पाण्याची बारीक धार लागली. रेषेवर. बरोबर रेषेवर.

मेजर म्हणाले, "मॅडम, यही बात आप पिछली बार कहतीं तो?" रागावले नव्हते. खरंच विचारत होते.

परतीच्या वाटेवर, भिवंडी जवळ आली तेव्हा शेठ म्हणाले, "आपला माल तुमीच पारलाव, बाई."

ऑर्डर थांबली. शेडमधली एक शिफ्ट बंद करावी लागली. घरी बसलेल्या बायका बाजारात भेटतात, "कधी बोलवताय, ताई?" विचारतात. त्यांना मी सांगू शकत नाही, की पहिल्याच वेळी मेजरचं ऐकलं असतं तर टाकी तेव्हाच नापास झाली असती, आम्ही कापड बदललं असतं, आणि ना तुमची शिफ्ट गेली असती ना तिकडचं पाणी. आमच्या धंद्यात चाचणीत नापास होणं याला आम्ही नामुष्की म्हणतो. खरं तर ती सगळ्यात स्वस्त जागा आहे नापास व्हायची. ती मी दवडली, आणि नापास व्हायचं काम त्या चौकीवर ढकललं.

नंतर शेठनीच मला बोलावून घेतलं. राग उतरला होता की नाही, सांगता येणार नाही. म्हणाले, "तं सांगा, काय कराचा?" आम्ही पुन्हा जाड कापड काढलं, पूर्वीपेक्षा थोडं बरं. वजनात मागे पडलो, पण ठिगळ हाताने लागतं. काही टाक्या वापरून बघायला म्हणून त्या सुभेदारांच्याच चौकीवर दिल्या गेल्या. अट मी घातली: आमच्यापैकी कोणीही जाणार नाही, कोणी काही शिकवणार नाही, पूर्ण उन्हाळा त्यांनी हवी तशी वापरावी. बाकी चौक्यांवरच्या टाक्यांचं काय, याचा निर्णय या टाक्या कशा टिकतात यावर. तोपर्यंत तिकडे आमच्या त्या पातळ टाक्याच आहेत.

उन्हाळा सरल्यावर सुभेदारांचा फोन आला. मी पेन घेऊनच बसले.

"मॅडम, भारी बहुत है. तीन आदमी लगते हैं. उठाते वक्त लड़के आपको याद करते हैं, और जिस ज़बान में करते हैं वो मैं आपको बता नहीं सकता."

"और पानी?"

"पानी पूरा है. एक बार काँटा लगा था, लड़कों ने खुद ही पैबंद लगा लिया." मग म्हणाले, "बस एक नुकसान हुआ. हमारा धनिया सूख गया."

मी हसले. कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. नसीमआपा समोरच होत्या, त्यांना हाताने खूण केली, सगळं ठीक आहे म्हणून.

पलीकडून सुभेदार त्याच गोड आवाजात म्हणाले, "लेकिन आप फिक्र मत कीजिए, मॅडम. बाकी सब चौकियों पर अभी हरा है."